मदेइरातला पाट

आप्पांना हायकिंग म्हणजे काय हे समजावून सांगणं व्हिसाच्या कागदपत्रांपेक्षा अवघड गेलं. डोंगरावर देव आहे का? नाही. लाकूडफाटा आणायचाय? नाही. पलीकडे कुणी पाहुणे राहतात? तेही नाही. "मंग उगा चालानं? कसाले?" चालायला कंटाळणारा माणूस नव्हे. चैत्रात सप्तशृंगगडावर पायी जाणाऱ्यांतले आहेत ते. पण चालत जायचं, जिथून निघालो तिथेच परत यायचं आणि त्यासाठी आधी विमानाचं तिकीट काढायचं, हा हिशेब त्यांना पटेना. शेवटी म्हटलं, आप्पा, तिथे पाटाच्या कडेकडेने चालायचं आहे.

"पाट? पानीना?"

"पाण्याचाच."

मग त्यांनी स्वतःहून बूट घ्यायचा विषय काढला.

आमचं माहेर साक्री तालुक्यातलं, पांझरेकाठचं. सासर रावेरचं, म्हणजे केळीचं. मी धुळ्यात बँकेत आहे आणि मे महिन्यात सगळ्यांच्या सुट्ट्या जुळल्या, म्हणून माझ्या हॉस्टेलच्या मैत्रिणीकडे लिस्बनला गेलो. ती आणि तिचा नवरा तिथे नोकरीला आहेत. लिस्बनबद्दल इथे काही लिहीत नाही, ट्राम आणि कस्टर्डची टार्ट यांवर लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. तिथून विमानाने पावणेदोन तासांवर, अटलांटिक महासागरात मदेइरा नावाचं पोर्तुगालचं बेट आहे. मैत्रिणीच्या नवऱ्याची एक सहकारी त्या बेटावरची. तिच्या वडिलांची तिथे केळी आहे, हे ऐकल्यावर आमच्या घरच्या रावेरकराने बाकीचे सगळे बेत रद्द केले. लेकीला फक्त एवढंच माहीत होतं की रोनाल्डो त्या बेटावर जन्मला आणि विमानतळालाही त्याचंच नाव आहे. तिचं बेटावरचं काम उतरल्या उतरल्या फोटो काढून झालं.

या बेटाची गंमत अशी की पाऊस आणि धुकं सगळं उत्तरेला, आणि पिकाऊ, उन्हाची, माणसांच्या वस्तीची जमीन दक्षिणेला. मध्ये अठराशे मीटरच्या पुढे गेलेले डोंगर. पोर्तुगीज लोक इथे 1420च्या सुमारास वसले, त्यांनी ऊस लावला, आणि उसाला पाणी लागतं हे त्यांना सांगायला कुणाची गरज नव्हती. मग त्यांनी डोंगराच्या अंगावर पाट कोरायला घेतले. त्यांना लेवादा म्हणतात. पंधराव्या शतकात सुरू झालेलं हे काम विसाव्या शतकापर्यंत चाललं, शेवटच्या मोठ्या लेवादा 1940च्या दशकापासून सरकारने बांधल्या आणि त्याच पाण्यावर वीजही केली. आज सगळ्या मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर भरतात. पाण्याला उतार अगदी थोडा, म्हणून त्याच्या कडेची वाटही जवळपास सपाट. ही वाट मुळात पाट साफ करणाऱ्या माणसासाठी. पर्यटक नंतर आले.

त्या दिवशी आई पहाटेच उठली. भाड्याच्या घरातल्या विजेच्या शेगडीवर तिचा विश्वास नव्हता, पण दशम्या झाल्या. दुधात भिजवलेली कणीक, तूप, आणि सोबत धुळ्याहून आणलेली लसणाची कोरडी चटणी. आईचा नियम आहे: प्रवासाला निघताना दशमी नाही म्हणजे माणूस प्रवासाला निघालाच नाही. मैत्रिणीने फ्रीजमधून ब्रेड आणि चीज काढून "आपण सँडविच करू ना काकू" असं म्हणून पाहिलं. आईने सँडविचही बांधून घेतले. ते संध्याकाळी तसेच परत आले.

बेटाच्या राजधानीहून, फुंशालहून, उत्तरेला जाताना बोगद्यामागून बोगदा लागतो. एका बोगद्यात शिरताना ऊन आणि बाहेर पडताना धुकं, असं एकदा झालं तेव्हा आप्पा पुढच्या सीटवर सरळ होऊन बसले. पाऊण तासात सांव जॉर्ज नावाच्या गावी पोचलो. तिथून लेवादा दो रेई, राजाचा पाट, सुरू होतो. जायला पाच किलोमीटर, यायला तेवढंच. मुद्दाम हीच वाट निवडली होती, कारण चढ फारसा नाही आणि आईचे गुडघे आहेत.

पाट अरुंद. हात आडवा केला की रुंदी संपते. पाणी घोटा-पोटरीएवढं, पण वेगात आणि इतकं स्वच्छ की तळाशी पडलेलं पान ओळखता येतं. आप्पा थांबले. वाकून हात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. मे महिना होता. आमच्या गावच्या पाटात या दिवसांत कोरडी माती आणि बाभळीचे काटे असतात.

"भलतं गार शे," म्हणाले. मग लगेच दुसरा प्रश्न. "हाई पानी कोनं शे?"

मैत्रिणीच्या नवऱ्याला वाटलं आप्पा नदीचं नाव विचारतायत. मला माहीत होतं ते काय विचारतायत.

हे कळायला आमच्याकडची फड पद्धत माहीत पाहिजे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे आहेत, काहीशे वर्षांचे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी, आणि उरलेलं सांडव्याने पुन्हा नदीत. पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं; यंदा या फडात ऊस तर त्या फडात हंगामी, पुढे अदलाबदल. प्रत्येकाचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात, त्यामुळे कुणा एकाचं भलं आणि दुसऱ्याचं वाटोळं असं सहसा होत नाही. पाणी सोडायचं काम शेतकऱ्याने स्वतः करायचं नाही, त्यासाठी गावाने माणसं नेमायची: पाटकरी, बारेकरी, जागल्या, हवालदार. माझे आजोबा काही वर्षं पाटकरी होते. त्यांना पगार धान्यात मिळायचा. आप्पा लहानपणी त्यांच्या मागून कंदील घेऊन पाटावरून चालायचे, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायला.

म्हणून "पाणी कोणाचं" हा त्यांच्यासाठी पहिला प्रश्न. उत्तर मला संध्याकाळी मिळालं, ते पुढे सांगते.

सुरुवातीला खाली सांव जॉर्जची शेतं दिसतात, बटाटा, भाजीपाला, छोट्या छोट्या पायऱ्या. मग जंगल अंगावर येतं. याला लॉरिसिल्वा म्हणतात. तेजपत्त्याच्या भाऊबंदांचं हे जुनं जंगल युरोपातून जवळजवळ गेलं, इथे मात्र मोठ्या प्रमाणात शिल्लक राहिलं. 1999मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा केलं. खोडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, आणि प्रत्येक पानातून पाणी टपकतंय. हे जंगल धुक्यातलं पाणी पानांवर पकडतं आणि जमिनीत सोडतं, तेच झऱ्यातून पाटात येतं. जंगल तोडलं तर पाट आटेल, इतकं सरळ आहे. लेकीने एक पान चुरगळून वास घेतला आणि जाहीर केलं, "मसालेभाताचा वास येतोय!"

काही ठिकाणी वाट दीड फुटाची. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला थेट दरी. तिथे तारेचे कठडे आहेत, पण सगळीकडे नाहीत. आईने एक हात कातळावर आणि दुसऱ्या हाताने माझी ओढणी पकडली होती. मी गेले असते तर ओढणी तिच्या हातात राहिली असती, एवढाच तिचा उपयोग. समोरून माणसं आली की कुणीतरी पाटाच्या कठड्यावर चढून थांबायचं. येणारे जर्मन, इंग्रज, पोर्तुगीज सगळे "बोम दिया" म्हणत. आप्पा प्रत्येकाला "राम राम" म्हणत होते, हात जोडून, त्या दीड फुटात. एका जर्मन बाईने परत हात जोडले आणि तिची काठी पाटात पडली. वाहत जाणाऱ्या काठीमागे आमचे जवाईबापू धावले आणि पन्नास पावलांवर जाळीत अडकलेली काठी घेऊन आले. आप्पांनी काठीकडे पाहिलंच नाही. ते जाळी बघत होते. पानं अडवायला लोखंडी गज लावलेले, गजांमागे पानांचा ढीग, आणि तो ढीग कुणीतरी नुकताच उपसून बाजूला टाकलेला. ओला होता.

"आज सकाळी साफ करेल शे," म्हणाले. त्यांच्या आवाजात हिरव्या जंगलाबद्दल निघालं नव्हतं एवढं कौतुक होतं.

पुढे एका जागी धबधबा सरळ वाटेवर पडतो. रेनकोट घालून पळायचं. लेक तीन वेळा पळाली, आम्ही एकदाच. मग एक छोटा बोगदा, आणि शेवटी रिबेइरो बोनितो नावाचा ओढा, जिथून हा पाट उचललाय. तिथे दगडांवर बसून दशम्या सोडल्या. निळसर-करड्या डोक्याचे छोटे फिंच पक्षी अगदी पायाशी येऊन चुरा टिपत होते. लसणाची चटणी लागलेला तुकडा एकाने उचलला, टाकला, परत उचलला. आईला फार आनंद झाला.

जेवताना आप्पा बोलायला लागले, आणि ते मला लिहून ठेवायचंय म्हणून हा सगळा उपद्व्याप.

आमच्या गावचा पाट अजून आहे. वरच्या अंगाला धरण झालं, विहिरी झाल्या, बोअर झाले. ज्याच्याकडे स्वतःचं पाणी तो फडाचं पीक का घेईल? त्याला कांदा लावायचा असतो, डाळिंब लावायचं असतं. एकाने फड मोडला की शेजाऱ्याची पंचाईत. हे सगळं कारणांच्या यादीत येतं, आणि खोटं नाही. पण आप्पांचं म्हणणं वेगळं होतं. ते म्हणाले, आधी पाटकऱ्याची वाट गेली. पाटाच्या कडेला माणूस चालेल एवढा बांध असायचा. ज्याचं शेत लागून, त्याने दरवर्षी नांगराची एक तास बांधात घातली. घरच्याच कुणी घातली असती तरी आजोबांनी त्याला बोल लावला असता, पण पाटकरी उरला नाही तेव्हा बोलणारं कोण? बांध गेला, मग खाली वाकून भोक बघायला कुणी जाईना, मग पाट फुटला तर फुटला.

मी इतकी वर्षं उलट समजत होते. पाणी कमी झालं म्हणून पाट मोडला असं आम्ही शिकलेली मुलं सांगतो. आप्पांच्या हिशेबात वाट मोडली आणि मग पाट. मदेइरात वाट टिकली, कारण आधी लेवादावाला चालत होता आणि आता त्याच्या मागून आमच्यासारखे रिकामटेकडे चालतात. रिकामटेकड्यांचाही पाटाला उपयोग असतो, हे मला पटलंय. पिंपळनेरच्या बाजूला एखाद्या जित्या पाटाच्या कडेने तीन किलोमीटरची चांगली वाट केली आणि शेवटी कुणी कळण्याची भाकरी नि शेवभाजी वाढली, तर धुळ्याचे लोक रविवारी जातील की नाही? मी तरी जाईन. नवऱ्याचं मत, लोक गाडी थेट बंधाऱ्यापर्यंत नेतील. त्याचंही बरोबर आहे.

परतीची वाट तीच. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की आईचे गुडघे ठीक राहिले आणि माझे दुखले.

संध्याकाळी दक्षिणेला, पोंता दो सोलच्या बाजूला, त्या सहकारी मुलीच्या घरी. समुद्रापासून वर डोंगरात काळ्या दगडाच्या भिंती रचून पायऱ्या केल्यात, आणि प्रत्येक पायरीत केळी. दगड बेसाल्टच, आपल्या सह्याद्री-सातपुड्यात असतो तोच, ज्वालामुखीचा. कोणत्या पायरीत दहा खोडं, कोणत्यात चार. नवरा पहिल्याच भिंतीशी उभा राहून म्हणाला, "अरे, ही तर बसराईची बहीण!" बुटकी कॅव्हेंडिश जात, रावेरला ग्रँड नैन येण्याआधी जी सगळीकडे होती तिच्याच घरातली. फळ लहान, गोड, सालीवर काळे ठिपके. त्याने तिथे उभ्या उभ्या चार खाल्ली आणि मग प्रश्नपत्रिका काढली: एका खोडाला पिलं किती ठेवता, घड किती किलोचा, खत काय, ठिबक का नाही सगळीकडे. मुलीचे वडील, आम्ही त्यांना काकाच म्हणायला लागलो, एकेक उत्तर देत होते, मुलगी इंग्रजीत सांगत होती. घड खांद्यावर घेऊन पायऱ्या चढाव्या लागतात हे कळल्यावर नवरा गप्प झाला. आमच्याकडे ट्रॅक्टर शेतात जातो तरी मजुरांची ओरड. त्याच वेळी त्याच्या भावाचा रावेरहून फोन आला, तिकडे मध्यरात्र होती. संध्याकाळच्या वावटळीत कोपऱ्यातली केळी आडवी झालेली, आणि बऱ्हाणपूरचा भाव उतरलेला. तो बराच वेळ भिंतीवर बसून बोलत होता.

जेवणाबद्दल. घरच्या बाईंनी मिल्यू फ्रितू केलं होतं: मक्याचं पीठ पालेभाजी घालून शिजवायचं, थापायचं, चौकोनी कापून तळायचं. आईने पहिला घास घेतला आणि थेट स्वयंपाकघरात गेली. पातोड्या थापणाऱ्या बाईला हे दाखवावं लागत नाही. ती फक्त पीठ किती वेळ घोटता एवढंच विचारायला गेली होती आणि अर्धा तास बाहेर आली नाही. बोलू दो काकू नावाची जाड, गोल रोटी होती, गव्हाच्या पिठात रताळं घालून तापल्या दगडावर भाजलेली, आत लसूण-लोणी. यातल्या "काकू"वर लेक इतकी हसली की पाणी नाकातून आलं. तेजपत्त्याच्या काठीत ओवून भाजलेलं मांस होतं, ते गाईचं म्हणून आमच्याकडून नम्र नकार. त्यांनी आधीच ओळखून आमच्यासाठी मासळी केली होती. खोल समुद्रातला काळा, लांबलचक, मोठ्या डोळ्यांचा मासा, पिठात घोळून तळलेला, आणि त्यावर तळलेलं केळं. हो, केळं. रावेरच्या माणसाने ताटाकडे असं पाहिलं की जणू कुणी त्याच्या देवघरात चपला घालून शिरलंय. पण खाल्लं. मला आवडलं, अगदी मनापासून. त्याने अजून मत दिलेलं नाही.

आईने शेवभाजी केली. शेव धुळ्याची, काळा मसाला घरचा, तर्री लाल. काकांनी भाकरीऐवजी ती काकू रोटी मोडून रश्श्यात बुडवली, आपल्याकडे करतात तशीच, कुणी न सांगता. दुसऱ्या घासाला त्यांचं कपाळ ओलं झालं. तिसऱ्याला त्यांनी उठून पोंचा आणली. ही त्यांची उसाची दारू, मध आणि लिंबू घालून लाकडी रवीने घुसळतात. आप्पा माळकरी. त्यांच्यासाठी नुसतं मध-लिंबू घुसळलं, पण रवी तीच, त्यामुळे आईने तो पेला आधी हुंगून पाहिला.

आणि मग आप्पांनी सकाळचा प्रश्न काढला. पाणी कोणाचं?

काकांनी कागद मागवला. मोठ्या लेवादांचं पाणी सरकारी, पण त्यांच्या वाडीला येणारा छोटा पाट शेतकऱ्यांच्या मंडळाचा. पाण्याचा हक्क तासा-मिनिटांत. प्रत्येकाची पाळी ठरलेली, दिवस असो की रात्र, आणि पाणी सोडायला नेमलेला माणूस असतो, लेवादेइरो. त्याच्या हातात फळी, त्याच्या डोक्यात सगळ्यांचं वेळापत्रक. आप्पा मान डोलावत होते. पाटकरी, बारेकरी, सगळं जागच्या जागी. मग त्यांनी मला म्हटलं, विचार त्याला, "पानी चोरतस का लोके?"

मी जरा संकोचले. पहिल्याच भेटीत हे कसं विचारायचं? मैत्रिणीच्या नवऱ्याने पोर्तुगीजमध्ये विचारून टाकलं. काका आधी गंभीर झाले. मग त्यांनी वरच्या पायरीवरच्या घराकडे बोट दाखवलं, आवाज खाली केला आणि पुढची वीस मिनिटं जे सांगितलं त्याचं भाषांतर करायला त्यांच्या मुलीने नकार दिला. गरजही नव्हती. आप्पा मध्येच मांडीवर थाप मारून अहिराणीत त्यांच्या चुलतभावाची गोष्ट सांगायला लागले, जो रात्री चारीला गोणपाट कोंबायचा. दोघे एकाच वेळी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिको दो अरिएरो या शिखरावर सूर्योदय बघायचा बेत होता, 1818 मीटर, ढगांच्या वर. सगळे जातात, फोटो सुंदर येतात. पण काकांची पाण्याची पाळी नेमकी पहाटे पावणेपाचला होती आणि आप्पांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. शेवटी नवरा, लेक आणि मैत्रीण शिखरावर गेले. आम्ही बाकीचे अंधारात, बॅटरी घेऊन, केळीच्या पायऱ्यांवर. लेवादेइरो वर कुठेतरी होता, दिसला नाही. काका फळी धरून उभे, आप्पा घड्याळ बघत उभे, आई शाल गुंडाळून भिंतीवर बसलेली.

पाणी सहा मिनिटं उशिरा आलं. आप्पांनी काकांच्या तोंडासमोर घड्याळ धरलं, वरच्या पायरीवरच्या घराकडे बोट केलं, आणि काका तरातरा वर चालू लागले.